अपडाऊनचं गाव

नमस्कार, श्रोतेहो.

पहिलं घर शोधणारी माणसं, रोज शहरात कामाला ये-जा करता येईल असं बाहेरचं गाव बघायला कधी जातात? रविवारी. घरच्यांना घेऊन, सकाळी अकराच्या सुमारास, रस्ते मोकळे असताना. त्यामुळे 'शहरापासून अवघ्या चाळीस मिनिटांवर' या जाहिरातीतली चाळीस मिनिटं त्या दिवशी खरीसुद्धा निघतात. आम्ही दोघंही असेच गेलो होतो. घर आवडलं, किंमत आवाक्यात होती, टोकन तेवढं द्यायचं राहिलं होतं. एका मैत्रिणीने हट्टच धरला म्हणून सोमवारी रात्री त्या गावात मुक्काम केला आणि मंगळवारी सकाळी तिथूनच कामावर गेले. उंबरठ्यापासून कचेरीच्या दारापर्यंत एक तास पंचवीस मिनिटं लागली.

चाळीस मिनिटं नुसत्या रेल्वेगाडीची होती. स्टेशनपर्यंतची चाल, गाडीची वाट पाहणं, पुढे शहरात दुसरं वाहन पकडणं, हे कुणी मोजलंच नव्हतं. त्यात खोटं काही नव्हतं, आम्हीच विचारलं नव्हतं.

लांबच्या गावात घर स्वस्त असतं, याचं आपल्याला उगाच नवल वाटतं. शहराच्या मध्यापासून लांब जाल तसा प्रवासाचा खर्च वाढतो आणि जागेसाठी पैसे मोजायची माणसाची तयारी कमी होते. विल्यम अलोन्सो या अभ्यासकाने १९६४ साली ही गोष्ट नीट गणितात मांडली. थोडक्यात, किमतीत जे वाचतं त्यातलं बरंचसं रस्त्यावर द्यावं लागतं. शिकागोतली सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था म्हणूनच घर आणि प्रवास असे दोन्ही खर्च एकत्र धरते. दोन्ही मिळून कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असतील, तर तिच्या मोजमापाने ते ठिकाण परवडणारं. हा आकडा प्रत्येकाला लागू होईलच असं नाही, पण बेरीज करायची पद्धत मला पटते. गाव बदलल्यामुळे घरात दुसरी गाडी घ्यावी लागणार असेल, तर तिचा हप्ता, विमा आणि इंधन हे सगळं घराच्याच किमतीत धरा.

वेळेचाही हिशेब करा. जाताना अर्धा तास जास्त, येताना अर्धा तास जास्त. वर्षाला २२० दिवस कामावर जात असाल तर २२० तास झाले. आठ तासांचा दिवस धरला, तर कामाचे साडेसत्तावीस दिवस. सेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली असं मांडलं, की माणूस पायी चालणारा असो की आगगाडीने जाणारा, दिवसाकाठी प्रवासावर सरासरी तासभरच घालवतो. वाहनं वेगवान झाली तशी माणसं लांब राहायला गेली, तास मात्र तेवढाच राहिला. तुमचा रोजचा प्रवास त्याच्या दुप्पट-तिप्पट होत असेल, तर तो वेळ कुठून काढणार? झोपेतून, नाहीतर मुलांच्या वाट्यातून. स्टुट्झर आणि फ्राय या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या माहितीवरून २००८ साली दाखवलं, की लांबून ये-जा करणारी माणसं आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. मोठं घर किंवा वाढीव पगार यांनी ती तूट भरून निघत नाही.

कर्जाबद्दल फार बोलत नाही, एकच आकडा सांगते. आठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी कर्ज घेतलं, तर परतफेड मुद्दलाच्या जवळजवळ दुप्पट होते, आणि पहिल्या हप्त्यातले पाचातले चार भाग नुसतं व्याज असतं. दर बदलता असेल आणि तो नऊ टक्क्यांवर गेला, तर हप्ता साडेसात टक्क्यांनी वाढतो. तिकिटाचे दरही वाढतात. दोन्ही एकाच वर्षी वाढले तर काय, हे कागदावर मांडून बघा.

आता सुरक्षितता. 'गाव शांत आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. गुन्ह्यांची आकडेवारी जरूर बघा, पण ती वाचायची कशी हेही समजून घ्या. छोट्या गावात वर्षाला दोन घरफोड्या होत असतील आणि पुढच्या वर्षी चार झाल्या, तर बातमी येते 'गुन्हे दुप्पट'. उलट, जिथे मोठं जंक्शन किंवा बाजारपेठ आहे, तिथे दिवसा हजारो बाहेरची माणसं येतात; गुन्हे त्यांच्यामुळे वाढतात, पण गुन्ह्यांचा दर काढताना ते भागले जातात फक्त रहिवाशांच्या संख्येने. मग गाव आहे त्यापेक्षा वाईट दिसतं. म्हणून एका वर्षावर जाऊ नका, चार-पाच वर्षं बघा, आणि गुन्हे कसले आहेत तेही बघा.

आणि आपण चोराला भितो, रस्त्याला भीत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या विल्यम ल्यूसी यांनी २००३ साली अमेरिकेतल्या शहरांबाबत एक हिशेब केला: अनोळखी माणसाच्या हातून झालेले खून आणि रस्त्यावरच्या अपघातातले मृत्यू यांची बेरीज. बऱ्याच ठिकाणी गजबजलेल्या शहरापेक्षा अगदी बाहेरचा, विरळ वस्तीचा भाग जास्त धोक्याचा निघाला, कारण तिथे माणसं जास्त लांब आणि जास्त वेगाने गाडी चालवतात. तुमच्या गावाला शहराशी जोडणारा रस्ता कसा आहे, मध्ये दुभाजक आहे का, स्टेशनपर्यंत पदपथ आहे का, हे घराच्या कुलपापेक्षा महत्त्वाचं आहे, असं माझं मत झालंय.

पुराच्या पाण्याचंही विचारा. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हटलं, की वाटतं आपल्या हयातीत कशाला येतोय! त्याचा अर्थ एवढाच, की दरवर्षी त्याची शक्यता एक टक्का. वीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा येण्याची शक्यता अठरा टक्के होते, तीस वर्षांत सव्वीस. जमीन स्वस्त का आहे, याचं उत्तर कधीकधी पुराच्या नकाशात सापडतं. घराच्या विम्याचा हप्ता किती बसेल, हे टोकन देण्याआधी विचारलंत तर नकाशा न बघताही बरंच कळेल.

एक काम मात्र स्वतःच करावं लागतं. शहरातून सुटणाऱ्या शेवटच्या गाडीने त्या गावात उतरा आणि घरापर्यंत चालत जा. आपल्याबरोबर किती जण उतरले, त्यातले किती आपल्याच दिशेने निघाले, कुठवर दिवे आहेत, कुठे एकदम अंधार होतो. मी पहिल्या गावात उतरले तेव्हा आम्ही चौघं होतो. तिघांना न्यायला गाड्या आल्या होत्या. उरलेली बारा मिनिटं मी आणि माझ्या चपलांचा आवाज.

त्याच मंगळवारी सकाळी फलाटावर मी दोन-तीन जणांना विचारलं होतं, "गाडी चुकली तर काय करता?" सगळ्यांचं उत्तर एकच: "चुकवायची नाही." पुढची गाडी तासाभराने होती.

मग आम्ही दुसरं गाव बघितलं. घर लहान, किंमत थोडी जास्त, खिडकीतून दिसायला समोरची भिंत. तिथल्या फलाटावरही एका आजोबांना तोच प्रश्न विचारला. त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "चुकली तर? मागची येते की."

ते घर आम्ही घेतलं.