जंतू एकच, आजार दोन तऱ्हांचा

[दृश्य: दंडावरचा फिकट चट्टा. बॉलपेनचं टोक.]

"डोळे मिटा. कुठं टेकवलं, बोट ठेवून दाखवा."

चट्ट्याबाहेर बोट अचूक पडतं. चट्ट्यावर पेन टेकलं, तर हात हलतच नाही. कुष्ठरोगाची शंका यायला एवढं पुरतं.

नॉर्वेतल्या बर्गनमध्ये हॅन्सन या डॉक्टरनं १८७३ साली या रोगाचा जंतू पाहिला. भलताच सुस्त! एकाचे दोन व्हायला १२ ते १४ दिवस लागतात. मग एकाला एखाद-दुसरा चट्टा आणि दुसऱ्याच्या अंगभर जंतू, असं का?

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेचे दोन काप.]

डावीकडं पाहा, हा एखाद-दुसऱ्या चट्ट्याचा रुग्ण. मधोमध सीडी-४ टी पेशींची दाटी, कडेनं सीडी-८; या शरीराच्या रक्षक पेशींच्याच दोन जाती. जंतू शोधूनही सापडत नाही. उजवीकडं, अंगभर जंतू असलेल्याच्या कापात, फुगलेल्या, फेसाळ भक्षकपेशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, आत जंतूंच्या जुड्याच्या जुड्या. टी पेशी तुरळक, विखुरलेल्या.

भक्षकपेशी टी पेशीला जंतूचा तुकडा दाखवते. तेवढ्यानं भागत नाही. टी पेशीवरच्या सीडी-२८ या ग्राहीमार्फत, म्हणजे इशारा पकडणाऱ्या रेणूमार्फत, दुसरा इशाराही मिळावा लागतो. दोन्ही जुळले की टी पेशीच्या केंद्रकातली जनुकं कामाला लागतात. सोबत इंटरल्यूकिन-१२ हा पेशींमधला रासायनिक संदेश असेल, तर टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा हा आपला संदेश सोडते. त्यानं भक्षकपेशीला पोटातला जंतू मारायचं बळ येतं. इंटरल्यूकिन-४ आणि १० वरचढ ठरली, तर प्रतिपिंडं ढीगभर तयार होतात. पण जंतू बसलाय पेशीच्या आत, तिथं ती काय करणार? गंमत म्हणजे अशा रुग्णाच्या टी पेशी इतर जंतूंशी नीट लढतात. याच्यापुढं तेवढ्या गप्प.

[दृश्य: कोपराजवळची सुजलेली नस.]

म्हणजे डावीकडचा रुग्ण सुदैवी? तसंही नाही. जंतूचा मुक्काम मज्जातंतूंभोवती वेष्टण घालणाऱ्या श्वान (Schwann) पेशींत. टी पेशी तुटून पडल्या की सुक्याबरोबर ओलंही जळतं.

उपचार चालू असतानाही टी पेशी अचानक खवळू शकतात. चट्टे लाल होतात, नस ठणकते, बोटांतली ताकद जाते. रुग्णाला वाटतं, गोळ्या बाधल्या. तो त्या बंद करतो. खरं तर ही शक्यता पहिलं पाकीट हातात देतानाच सांगायला हवी. अशा वेळी डॉक्टर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, टी पेशींचे तेच संदेश दाबण्यासाठी. त्याची मात्रा कित्येक आठवडे हळूहळू उतरवतात. कुष्ठरोगाच्या गोळ्या ठरल्याप्रमाणे चालूच राहतात.