टेललाइटमधलं पाणी : वाट शोधा, दिवा फेकू नका

(दृश्य : पाऊस नुकताच थांबलाय. टेललाइटची लाल काच अगदी जवळून.)

हे थेंब बघा. बाहेरून कितीही फडकं मारा, ते हलणार नाहीत, कारण ते काचेच्या आतल्या बाजूला आहेत. वरच्या कोपऱ्यात बारीक धुकं, मधे ओघळ, आणि खाली इंडिकेटरच्या कप्प्यात साठलेलं पाणी. गाडी हलली की तेही हिंदकळतं.

असा दिवा दुरुस्तीला दाखवला की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : अख्खा दिवा बदला. पण या दिव्याचं नेमकं काय गेलंय? बल्ब पेटतो. काच शाबूत आहे. आतला चंदेरी मुलामा जागेवर आहे. फक्त पाण्याला आत यायला एक वाट मिळाली आहे. तेवढ्यासाठी चांगला दिवा भंगारात जातो, आणि हे रोज घडतं. ती वाट शोधून बुजवणं हे हाताने होणारं काम आहे. आज तेच बघायचंय.

(दृश्य : दोन गाड्यांचे दिवे एकामागून एक.)

त्याआधी एक फरक नीट समजून घेऊ. या पहिल्या दिव्यात काचेवर पातळ धुकं आहे, पण थेंब नाहीत. दिवा थोडा वेळ लावून ठेवला की धुकं कडेकडेने विरत जातं. या दिव्याला हात लावायची गरज नाही. दुसऱ्या दिव्यात ओघळ आहेत, तळाशी पाणी आहे, आणि उन्हातही ते जात नाही. इथे गळती आहे.

मुळात टेललाइट हवाबंद नसतो. तो मुद्दामच तसा बनवलेला नसतो. आत २१ वॅटचा बल्ब पेटला की हवा तापते आणि फुगते. २० अंशांवरची हवा ६० अंशांवर गेली तर तिला साधारण १४ टक्के जास्त जागा लागते. ती जागा मिळाली नाही तर सगळा ताण सांध्यांवर येईल. म्हणून दिव्याच्या पाठीला हवेसाठी वाटा ठेवलेल्या असतात.

(दृश्य : दिव्याची पाठ. बोट एकेका ठिकाणी थांबतं.)

ही रबराची वाकडी नळी, तोंड खाली केलेली. हा स्पंजचा तुकडा. आणि ही पांढरी, कागदासारखी पातळ चकती. ही चकती ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनची असते. हवा आणि वाफ तिच्यातून आरपार जातात, पाण्याचा थेंब जात नाही. या तिन्हींपैकी जे काही तुमच्या दिव्याला असेल, ते ओळखून ठेवा. हे पुढे फार लागणार आहे.

दिवा विझला की आतली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा ओढून घेते. त्या हवेत ओल असतेच. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांवर जेमतेम १७. राहिलेली वाफ कुठेतरी बसणार, आणि दिव्यातली सगळ्यात गार जागा म्हणजे बाहेरची काच. मघाचं पातळ धुकं ते हेच. एलईडी दिव्यांत ते जास्त रेंगाळतं, कारण एलईडी तापतात ते पाठीकडे. काचेला ऊब अशी मिळतच नाही.

गळतीचं गणित मात्र वेगळं आहे. तापलेल्या दिव्यावर पाऊस कोसळला किंवा धुताना पाण्याचा फवारा बसला, की दिवा झटकन गार होतो. आतली हवा एकदम आकसते. अशा वेळी एखाद्या चिरेवर पाणी उभं असेल, तर हवेच्या जागी ते पाणीच आत ओढलं जातं. केसाएवढी चीर पुरते. आणि एकदा आत गेलेलं पाणी त्याच चिरेतून बाहेर येत नाही, कारण ते तळाशी बसतं आणि चीर बहुधा वर असते.

(दृश्य : डिकी उघडी. अस्तर बाजूला होतं, नट सुटतात.)

डिकीतलं अस्तर सोडवलं की दिव्याचे नट दिसतात. कनेक्टरची खिटी दाबूनच तो काढायचा, वायर धरून ओढायचा नाही. नट सुटले की दिवा सरळ मागे ओढायचा. तिरका ओढला तर प्लॅस्टिकच्या खुंट्या मोडतात.

आता हे गॅस्केट बघा. कॅमेरा इथे मुद्दाम थांबवला आहे. दिवा आणि गाडीचा पत्रा यांच्यामधला हा फोमचा पट्टा. एके काळी फुगीर होता, आता दाबून दाबून चपटा झालाय. त्याच्यावरून आडवी गेलेली ही मातीची बारीक रेघ दिसते का? पाणी वाळून जातं, माती मागे राहते. पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं, हे या रेघेवर सरळ वाचता येतं. रेघ वरच्या कडेपासून निघते, पट्टा ओलांडते आणि बल्बच्या होल्डरपाशी येऊन संपते.

होल्डर पाव फेरा फिरवला की निघतो. त्याच्याभोवतीची रबरी रिंग कडक झाली आहे, नखाने दाबली तरी दबत नाही. आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट कीट चढलाय. हाच कीट वाढला की अर्थिंग जातं, ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणतो, आणि मागून येणाऱ्याला तुमचा ब्रेक दिसत नाही.

(दृश्य : लाल काचेतला परावर्तकाचा पट्टा, त्यावर टॉर्चचा झोत.)

या पट्ट्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. तो स्वतः पेटत नाही. मागच्या गाडीच्या दिव्यांचा उजेड आल्या वाटेने परत पाठवतो. त्याच्या पाठीला बारीक तीनपैलू खाचा असतात, आणि त्या खाचांमागे हवा असेल तरच हे जमतं. ज्या दिव्यांत ही पाठ वेगळी झाकलेली नसते, तिथे पाणी खाचांना भिडलं की उजेड परत फिरायच्या ऐवजी खाचांपलीकडे, दिव्याच्या आत निघून जातो. टॉर्च तोच आहे, अंतर तेच आहे. कोरडा भाग लखलखतोय, ओला भाग काळपट दिसतोय.

(दृश्य : दिवा उलटा केला जातो. पाणी बाहेर येतं.)

पाणी ओतून टाकलं. आत माती असेल तर स्वच्छ पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून खळबळायचं, पुन्हा साध्या पाण्याने धुवायचं. आत बोट किंवा कापडाचा बोळा घालायचा नाही. चंदेरी भाग म्हणजे प्लॅस्टिकवर चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, एकदा घासला की गेलाच. पेट्रोल, थिनर, स्पिरिट यांतलं काहीही जवळ आणू नका. टेललाइटची काच म्हणजे बहुतेक वेळा ॲक्रिलिक नावाचं पारदर्शक प्लॅस्टिक, आणि ताणाखालच्या ॲक्रिलिकवर हे द्रव पडले की त्याच्या अंगात जाळीसारख्या बारीक चिरा उमटतात. पाणी अडवायला निघालेला माणूस पाण्याला नव्या वाटा करून ठेवतो.

(दृश्य : पाण्याने भरलेला पारदर्शक टब.)

आता या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. ही पद्धत साध्या बल्बच्या दिव्यासाठी आहे. बल्ब काढून घेतले आहेत, रिकामे होल्डर परत जागेवर बसवले आहेत. हवेच्या वाटा चिकटपट्टीने तात्पुरत्या बंद केल्या आहेत, फक्त रबराची एक नळी मोकळी. तिला एक लांब नळी जोडली आहे. दिवा पाण्यात बुडवायचा आणि नळीतून तोंडाने फुंकायचं. हळू. कंप्रेसरची हवा इथे चालत नाही. तिच्या दाबाने धड सांधाही उघडू शकतो.

बघा.

(दृश्य : पाण्याखाली दिवा. काही क्षण फक्त आवाज.)

पहिला बुडबुडा आला तो होल्डरच्या रिंगेतून, त्याचा अंदाज होताच. पण वरच्या कडेला बघा, जिथे लाल काच काळ्या पेटीला जोडली आहे. तिथून मोत्यांच्या सरीसारखे बारीक बुडबुडे निघतायत. ही जागा कोरड्या दिव्यावर भिंगातूनही दिसली नव्हती. कारागीर दिवा थोडा कलता करतो, म्हणजे बुडबुडे कडेने घसरून भलतीकडून वर येत नाहीत आणि नेमकी जागा कळते. मग पाण्यातच मेणाच्या पेन्सिलने खूण. पुन्हा फुंकर, पुन्हा खूण. दिवा चारही बाजूंनी फिरवून बघायचा, कारण एक चीर सापडली म्हणजे दुसरी नाही असं होत नाही.

एलईडी दिव्यात आत सर्किट असतं, तो बुडवायचा नाही. त्याच्या सांध्यावर बाहेरून साबणाचा फेस लावायचा आणि हवेच्या वाटेतून तशीच हलकी फुंकर घालायची. फेस जिथे फुगेल तिथे चीर.

(दृश्य : वाळवण. होल्डरच्या भोकातून हवा.)

वाळवायला घाई नको. होल्डर काढून, भोकं मोकळी ठेवून आत पंख्याची हवा जाऊ द्या. केस वाळवायचं यंत्र चालेल, पण कमी उष्णतेवर आणि लांबून. हीट गन नाही. ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि एकदा वाकलेली काच पुन्हा सांध्यावर बसत नाही. शेवटची ओल काढायला सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवून भोकं एक रात्र झाकून ठेवता येतात. सकाळी पुड्या मोजून बाहेर काढायच्या. त्या कायमच्या आत ठेवायचा सल्ला ऐकू नका : पुडी भरली की ओल घेणं थांबवते, आणि तापलेल्या बल्बला टेकली तर वेगळंच संकट.

(दृश्य : सांध्यावर काम. बोटं आणि सिलिकॉनची नळी.)

सांधा पूर्ण कोरडा झाल्यावरच सिलिकॉन. बाजारात ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन इथे नको. त्यातून निघणारं ॲसिटिक ॲसिड तांब्या-पितळेच्या पट्ट्यांना खातं. न्यूट्रल प्रकारचं घ्या. खुणेच्या दोन्ही बाजूंना थोडं पुढेपर्यंत पॉलिश पेपरने सांधा खरवडायचा, धूळ पुसायची, आणि सिलिकॉन बोटाने दाबून फटीत बसवायचं. वरून नुसता थर ओढला तर तो सालीसारखा निघून येतो. मग २४ तास हात लावायचा नाही.

चीर काचेतच असेल तर सिलिकॉन नको, तिथे पाण्यासारखं पातळ ॲक्रिलिक सिमेंट. चिरेच्या तोंडाशी एक थेंब ठेवला की ते आपोआप आत ओढलं जातं. सुपरग्लू टाळा, त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी झाक येते. काच पेटीपासून सुटी करायच्या वाटेला शक्यतो जाऊच नका. बहुतेक टेललाइटच्या काचा वितळवून जोडलेल्या असतात, गरम करून त्या सुटत नाहीत.

आणि आता ड्रिलबद्दल. तळाला भोक पाडा, पाणी निघून जाईल, असं छातीठोकपणे सांगणारे खूप आहेत. पाणी निघतं, हे खरं. पण त्याच भोकातून चाकाने उडवलेला चिखल आत येतो, धूळ येते, किडे येतात, आणि चंदेरी मुलामा काही महिन्यांत मळतो. कारखान्यातूनच निचऱ्याचं भोक आलेलं असेल तर त्याच्या आड भिंती असतात, शिंतोडे थेट आत जात नाहीत. आपण पाडलेल्या भोकाला ती आड नसते. याच्या अगदी उलटी चूकही तितकीच वाईट : सगळीकडे सिलिकॉन फासून हवेच्या वाटाही बुजवणं. असा दिवा पाणी आलं तर ते कधीच सोडत नाही. मघाशी ओळखून ठेवायला सांगितलेल्या त्या नळ्या आणि चकत्या मोकळ्याच राहिल्या पाहिजेत. तात्पुरती लावलेली चिकटपट्टी आठवणीने काढा. पांढऱ्या चकतीवर नखसुद्धा लावू नका.

(दृश्य : नवं गॅस्केट, नवी रिंग. दिवा जागेवर जातो.)

होल्डरला नवी रबरी रिंग. पट्ट्यांवरचा कीट बारीक ब्रशने साफ, वर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा, म्हणजे वीज न वाहू देणाऱ्या आणि ओल अडवणाऱ्या ग्रीसचा पातळ हात. गॅस्केट मिळालं नाही तर पाणी न शोषणाऱ्या, बंद छिद्रांच्या फोमचा पट्टा कापून लावता येतो. जोड मात्र खालच्या बाजूला यावा. वायर होल्डरपाशी येण्याआधी थोडी खाली झोल देऊन सोडायची, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलाशीच टपकतं. नट आलटून पालटून, हातानेच आवळायचे. एकच नट आधी घट्ट केला तर गॅस्केट एका बाजूला दबतं आणि दुसऱ्या बाजूला उघडं पडतं.

(दृश्य : दिवा पेटलेला. मग विझतो, आणि झारीने पाणी.)

चाचणी थंड दिव्यावर घेऊन उपयोग नाही. अर्धा तास दिवा चालू ठेवा, तापू द्या. मग तो बंद करा आणि लगेच वरच्या कडेवर झारीने पाणी सोडा. आतली हवा आकसते तोच हा क्षण. डिकीत दिव्याखाली कोरडा कागद ठेवलाय. तो ओला झाला तर दोष गॅस्केटचा, दिव्यात थेंब आले तर सांध्याचा. इथे कागद कोरडा आहे. काचही.

पुढच्या गार सकाळी कोपऱ्यात पुसटसं धुकं दिसलं तर दिवा पुन्हा उतरवू नका, तो लावून ठेवा आणि ते विरतंय का बघा. आणि पलीकडच्या बाजूचा दिवा बहुधा याच वयाचा असतो. त्याची रिंग कडक झाली आहे का, हे बघायला होल्डर पाव फेरा फिरवावा लागतो, इतकंच. हत्यारं बाहेर आहेत तोवर तेही बघून घ्या.