मायनर लीगमधली ताकद कशी जोखायची?

२०११ च्या मोसमाआधी ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकानं मायनर लीगमधल्या (मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेखालच्या, खेळाडू घडवणाऱ्या पायऱ्यांवरच्या) शंभर होतकरू खेळाडूंची यादी काढली. त्यात नऊ जण एकट्या कॅन्सस सिटी रॉयल्सचे, आणि पहिल्या दहांत तिघे: हॉस्मर, मुस्टाकस, मायर्स. पण नुसती नावं मोजून संघाची ताकद कळत नाही.

स्काउट, म्हणजे खेळाडू पारखणारे जाणकार, प्रत्येक कौशल्याला २० ते ८० गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. उजव्या हातानं खेळणारा बॅटर चेंडू टोलवून ४.३ सेकंदांत पहिल्या बेसवर पोचला, की धावण्याचे ५०. गुण दोनदा लिहायचे: आज किती आणि पूर्ण तयार झाल्यावर किती. या दोहोंतलं अंतर जितकं मोठं, तितकी जोखीम जास्त. रुकी लीगमधल्या (सर्वांत खालच्या पायरीवरच्या) सतरा वर्षांच्या मुलाचं अंतर प्रचंड असतं.

आकडेवारी वाचताना आधी वय बघा. डबल-एमध्ये (मायनर लीगची वरून दुसरी पायरी) ०.२६० च्या फलंदाजीच्या सरासरीनं खेळणारा एकोणीस वर्षांचा मुलगा बहुधा ०.३१० वाल्या चोवीस वर्षांच्या खेळाडूपेक्षा सरस ठरतो. मग मैदान. अमेरिकेतलं आल्बुकर्क शहर समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरांहून उंच; विरळ हवेत चेंडू लांब जातो, तिथले होम रन जसेच्या तसे धरले तर फसगत ठरलेली. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) आणि वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट पहिला बेस मिळणं) यांचं प्रमाण अधिक भरवशाचं.

पिचरांना (चेंडू टाकणाऱ्यांना) गुण हात राखूनच द्यावेत. त्या नवांत पाच पिचर होते. २०११ मध्ये जॉन लॅम्बच्या आणि २०१२ मध्ये डॅनी डफीच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेला अस्थिबंध नव्यानं बसवण्याची) झाली. लॅम्बचा वेग पूर्वीसारखा परतला नाही.

तरीही २०१५ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, रॉयल्सनं जिंकली, कारण होतकरू खेळाडू अदलाबदलीतही कामी येतात. २०१२ च्या डिसेंबरमध्ये मायर्स, ओडोरिझी आणि माँटगोमेरी टँपा बेला देऊन जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिस हे पिचर आणले. पिचर जॉनी क्वेटोसाठी सिनसिनाटीला पाठवलेल्या तिघांत लॅम्ब होता. क्वेटोनं अंतिम मालिकेतला दुसरा सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्यानं टाकला. पाचव्या सामन्याचा शेवटचा बळी डेव्हिसनं घेतला. त्याच सामन्यात बाराव्या इनिंगमध्ये आघाडीची धाव आली ती नवांतल्याच क्रिश्चन कोलोनच्या फटक्यावर.

मालिकेचा मानकरी मात्र कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) सॅल्व्हडोर पेरेझ. २०११ च्या शंभरांत त्याचं नावच नव्हतं. म्हणून यादीखालचे कॅचर आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधले क्षेत्ररक्षक) आवर्जून तपासावेत. कॅचरच्या हातात चेंडू आल्यापासून दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजावा: २.० सेकंद म्हणजे सरासरी, १.९ म्हणजे दमदार हात.