45 अंशांच्या मुलखात

(दृश्य : मे महिन्यातली दुपार. एमआयडीसीचा सुनसान रस्ता, डांबरावर हलणारी झळ. शेडच्या भिंतीवरचा तापमापक.)

जळगाव परिसर. पारा 44 च्या पुढे गेला आहे. खान्देशात याचं कुणाला नवल वाटत नाही. इथल्या माणसानं उन्हाशी जुळवून घेतलंय, केळीच्या बागांनीही घेतलंय. पण काही रसायनांना ते जमत नाही.

डायएथिल ईथर हा द्रावक साधारण 35 अंशांना उकळतो. म्हणजे या शेडमध्ये, या क्षणी, तो उघड्या बाटलीत आपोआप उकळू लागेल. त्याची वाफ हवेच्या अडीचपट जड असते. ती वर जात नाही, फरशीलगत सरपटत जाते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. लांब साखळीचे, फांदी असलेले हायड्रोकार्बन, म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनचे रेणू, बनवायची जुनी कृती सुरू होते ती याच ईथरमध्ये. थंड देशातल्या प्रयोगशाळेत ती चालली असेल. खान्देशात हे काम उभं करायचं, तर कृतीच बदलायला हवी. या छोट्या कारखान्याच्या प्रायोगिक विभागात ती बदलली आहे.

(दृश्य : फळ्यावर खडूनं काढलेली रेणूची आकृती. बोट शेवटाकडून चौदाव्या कोपऱ्यापर्यंत मोजत जातं.)

14-मिथाइल-1-ऑक्टाडेसीन. कार्बनचे 18 अणू एका ओळीत, आणि चौदाव्यावर बाजूला फुटलेला आणखी एक. 19 कार्बन, 38 हायड्रोजन, बाकी काही नाही. जपानमध्ये पीचची पानं पोखरणाऱ्या एका इवल्याशा पतंगाची मादी हा गंध हवेत सोडते आणि नर तिचा माग काढत येतो. हाच रेणू बागेत भरपूर पसरवला, तर नराला मादी सापडत नाही. पुढची पिढी तिथंच थांबते, फवारणी न करता.

(दृश्य : तळहातावर एरंडीच्या बिया, ठिपकेदार, चकचकीत. पाठीमागे बांधावरची झाडं.)

या 19 कार्बनांपैकी 11 येतात एरंडीतून. एरंडेल तेलाचा बहुतांश भाग म्हणजे रिसिनोलेइक आम्ल. ते कडक तापवलं की साखळी एका ठरावीक जागी तुटते. एका बाजूला 7 कार्बनचा हेप्टानाल, दुसऱ्या बाजूला 11 कार्बनचं अनडेसिलेनिक आम्ल. जगात सर्वाधिक एरंडी भारतात पिकते, आणि त्यातली बरीचशी आपल्या शेजारच्या गुजरातेत. कच्चा माल नवापूरच्या नाक्यापलीकडेच आहे.

उरलेले 8 कार्बन, ज्यांत ती फांदी आहे, वेगळे आणून या 11 ला जोडायचे. सगळी कसोटी या जोडणीची.

(दृश्य : काचेच्या रिॲक्टरमध्ये पडणारी मॅग्नेशियमची टर्निंग, म्हणजे बारीक कातरण. चांदीसारखी चमक. मूळ आवाज राहू द्यावा.)

ही जोडणी शक्य झाली ती फ्रान्समधल्या व्हिक्टर ग्रिन्यार यांच्यामुळे. 1900 साली त्यांनी दाखवलं, की मॅग्नेशियम कार्बनच्या साखळीला चिकटलं की ती साखळी दुसरीला जोडता येते. 1912 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, आणि ते वाटून मिळालं. दुसरे मानकरी होते पॉल साबातिये. बारीक निकेलच्या साहाय्यानं कार्बनच्या रेणूंत हायड्रोजन घालण्याची वाट त्यांनी दाखवली.

ही दुसरी वाट खान्देशात केव्हाच पोचली होती. 29 डिसेंबर 1945 ला अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. वनस्पती तूप, म्हणजे तेलात हायड्रोजन घालून घट्ट केलेली चरबी. त्याच कंपनीची पुढं विप्रो झाली. जग विप्रोला संगणकामुळे ओळखतं. पण दाबाखालचा हायड्रोजन, निकेल आणि लांब कार्बन साखळ्या हाताळण्याचा अनुभव या मातीत तेव्हापासूनचा आहे, हे आम्हाला ठासून सांगायचं आहे. नोबेलचा एक अर्धा भाग अमळनेरला आला. दुसरा इथं का येऊ नये?

(दृश्य : नायट्रोजनची लाईन उघडते. ऑपरेटर दादा काचेतून आत बघतायत. तापमानाचा आकडा स्थिर.)

आता नीट बघा. रिॲक्टरमध्ये मॅग्नेशियम आहे, द्रावक आहे, त्या आठ कार्बनच्या साखळीला ब्रोमीन लावलेल्या ब्रोमाइडचा पहिला छोटा भाग सोडला आहे. आणि काहीच होत नाही.

याच शांततेची भीती असते. मॅग्नेशियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, कुठंतरी ओलाव्याचा अंश असतो, म्हणून क्रिया अडून बसते. ओल्या पऱ्हाट्या चुलीत घातल्यावर नुसता धूर निघत राहावा आणि मग एकदम भडका उठावा, तसा तिचा स्वभाव. अधीर होऊन कुणी आणखी ब्रोमाइड सोडलं, तर आत साठलेलं सगळं एकाच वेळी पेटतं आणि द्रावक उकळून बाहेर पडतो.

म्हणून इथला पहिला नियम : तापमान उसळी मारत नाही, तोवर पुढचा थेंब नाही. दुसरा नियम : मागच्या बॅचचं थोडं द्रावण रिॲक्टरमध्ये मुद्दाम शिल्लक ठेवायचं. ते उरलासुरला ओलावा खाऊन टाकतं, धातूचा पृष्ठभाग जागा करतं आणि नवी बॅच अडून बसत नाही.

(दृश्य : आकडा चढू लागतो. द्रावण राखाडी, गढूळ. दादा मान हलवतात.)

सुरू झालं.

यातला द्रावक ईथरच्याच कुळातला आहे, पण 80 अंशांना उकळणारा. 2-मिथाइल टेट्राहायड्रोफ्युरान. तो फर्फ्युरालपासून बनतो, आणि फर्फ्युराल मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांपासून किंवा उसाच्या चिपाडापासून. आपल्याकडे ही कणसं जळणात जातात. ज्वलनशील तोही आहे. हवेत साठवला तर त्यातही पेरॉक्साइड, म्हणजे स्फोटक संयुगं, धरतात, म्हणून पिंपात स्थिरक घालून, तारीख टाकून ठेवतात. पण खान्देशच्या दुपारी तो द्रवच राहतो.

(दृश्य : थंड रिॲक्टर. नारिंगी द्रावणाचे थेंब पडताच रंग काळवंडतो.)

हे लिथियम आणि तांब्याचं क्षार-द्रावण. चिमूटभर पुरतं. 1971 मध्ये तामुरा आणि कोची यांनी दाखवलेली ही युक्ती. तांब्याच्या मध्यस्थीनं 8 आणि 11 कार्बन एकमेकांना जोडले जातात. रिॲक्टर थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या जॅकेटमध्ये पाणी नाही, तेल फिरतं. पाईप गळला, तर पाणी आणि मॅग्नेशियमचं द्रावण समोरासमोर येता कामा नये. आणि लाईट गेली, तर ब्रोमाइडचा व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर आपोआप बंद होतो. जेवढं सोडलं तेवढीच उष्णता, त्यापुढं नाही. फ्लोरिडातल्या जॅक्सनविलमध्ये 19 डिसेंबर 2007 ला सोडियम असलेल्या रिॲक्टरचं कूलिंग बंद पडलं आणि स्फोटात 4 जण गेले. त्याआधीच्या 174 बॅचेस पार पडल्या होत्या.

(दृश्य : नवसागराचं पाणी सोडलं जातं. दोन थर वेगळे होतात. खालचा थर नळीतून वाहून जातो.)

जोडणी पुरी झाली, की शेवटी नवसागराचं पाणी. मॅग्नेशियमचे क्षार खाली पाण्यात उतरतात, आपला रेणू वरच्या थरात राहतो. साध्या टेट्राहायड्रोफ्युरानचा असा थर पडत नाही, ते पाण्यात मिसळून जातं आणि मग रेणू काढायला वेगळा द्रावक आणावा लागतो. इथं तो खर्च नाही, ती वाफही नाही. पुढं निर्वातात ऊर्ध्वपातन, आणि कुपीत उतरतं हे बिनरंगी तेल.

(दृश्य : काचेच्या छोट्या रिॲक्टरशेजारी मोठ्या रिॲक्टरसाठी आखलेली रिकामी जागा, फरशीवर चुन्याच्या रेषा.)

पुढचा टप्पा या रेषांमधला. रिॲक्टर उंची-रुंदीनं दहापट केला, तर आतला माल हजारपट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारी भिंत फक्त शंभरपट. काचेत सहज थंड होणारी बॅच लोखंडात तशी थंड होत नाही. म्हणून मोठ्या भांड्याची ऑर्डर देण्याआधी प्रत्येक टप्प्याची उष्णता कॅलरीमीटरवर मोजायची आणि ब्रोमाइड सोडण्याचा वेग त्या आकड्यावरून ठरवायचा. बागेत फवारा कमी होईल, इथल्या मुलांना काम मिळेल. सध्या मोजणी जोडणीच्या टप्प्यावर आली आहे, आणि ती पुरी होईपर्यंत या चुन्याच्या रेषांच्या आत काहीही बसवायचं नाही, असं इथं ठरलेलं आहे.