स्टिअरिंगला ढील

[दृश्य: समोरून येणारी पांढरी गाडी, संथ गतीत]

वळण उजवीकडचं आहे. गाडीचं तोंडही उजवीकडे आहे, जरा जास्तच. पण पुढची चाकं नीट बघा, ती डावीकडे वळलेली आहेत. मागची चाकं डांबरावर घासत, धूर सोडत बाहेरच्या बाजूला सरकतायत. एवढं होऊनही गाडी रस्त्यावरच आहे आणि वळणही बरोबर घेतेय. चालवणाऱ्याच्या हातून ती सुटलेली नाही. त्याने ती मुद्दाम आडवी घातली आहे आणि वळण संपेपर्यंत तशीच धरून ठेवणार आहे. यालाच ड्रिफ्ट म्हणतात.

हा रस्ता कॉम्प्युटरमधला आहे. सिम्युलेटरचं नाव असेट्टो कोर्सा. कुनोस सिमुलाझिओनी नावाच्या इटालियन कंपनीनं तो बनवला आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आणला. तेव्हा कंपनीचं ऑफिस रोमजवळच्या वाल्लेलुंगा रेसट्रॅकच्या आवारातच होतं. टायरची पकड, सस्पेन्शनची हालचाल, एका चाकावरून दुसऱ्या चाकावर जाणारा भार, हा सगळा हिशेब हा सिम्युलेटर सेकंदाला ३३३ वेळा करतो. म्हणूनच ड्रिफ्ट शिकणाऱ्या जगभरच्या मुलामुलींनी तो इतकी वर्षं उराशी धरून ठेवलाय.

आणि गाडी आहे टोयोटा एई८६. १९८३ ते १९८७ या काळात जपानमध्ये बनलेली. सोळाशे सीसीचं इंजिन पुढे, ताकद मात्र मागच्या चाकांना. ड्रिफ्टच्या इतिहासात हिच्याइतकं प्रेम फार थोड्या गाड्यांच्या वाट्याला आलं.

[दृश्य: जपानमधला डोंगररस्ता, एकामागून एक वळणं]

त्या इतिहासातली दोन माणसं मला इथे आणायचीच आहेत. पहिले कुनिमित्सु ताकाहाशी. हे मूळचे मोटरसायकलवाले. १९६१ मध्ये हॉकेनहाइमला होंडाच्या २५० सीसी गाडीवर त्यांनी ग्रां प्री जिंकली, आणि मोटरसायकलची ग्रां प्री जिंकणारे ते पहिले जपानी ठरले. पुढच्याच वर्षी आइल ऑफ मॅनला मोठा अपघात झाला आणि कालांतराने ते चारचाकीकडे वळले. सत्तरच्या दशकात टूरिंग कारच्या, म्हणजे साध्या गाड्यांवरून बनवलेल्या रेसिंग गाड्यांच्या शर्यतींमध्ये ते वळणात भरधाव शिरायचे, मागच्या चाकांची पकड सुटू द्यायचे आणि गाडी आडवीच ठेवून बाहेर पडायचे. प्रेक्षक वेडे झाले.

त्यांच्याकडे बघून शिकलेले दुसरे म्हणजे केइची त्सुचिया. घाटरस्त्यांवर रात्री सराव करून ते तयार झाले, पुढे रेसिंगमध्ये आले आणि 'ड्रिफ्ट किंग' म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांची गाडी हीच, एई८६. गाडी आडवी घालणं म्हणजे नुसती स्टंटबाजी, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. १९९५ च्या फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जीटी२ गटात पहिल्या आलेल्या होंडा एनएसएक्सच्या तीन ड्रायव्हरांपैकी दोघे होते ताकाहाशी आणि त्सुचिया. पकड कुठे संपते हे ज्यांना नेमकं ठाऊक होतं, तेच चोवीस तास पकडीच्या कडेवर गाडी चालवू शकले.

[दृश्य: टेबलाला पकडलेलं स्टिअरिंग, खाली तीन पॅडल]

आता आपल्याकडे या. ताम्हिणी किंवा वरंध घाटाची वळणं बघून कोणाच्याही मनात काहीही येवो, सार्वजनिक रस्त्यावर ड्रिफ्ट करायचा नाही. धोकादायक ड्रायव्हिंग हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे, आणि समोरून येणाऱ्या एसटीतल्या माणसांचा आपल्या हौसेशी काहीही संबंध नाही. शिवाय आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक छोट्या गाड्या, स्विफ्ट असो, बलेनो असो की आय२०, पुढच्या चाकांवर चालतात. अशा गाडीची मागची बाजू घसरली आणि तुम्ही रेस दिलीत, तर पुढची चाकं तिला ओढून सरळ करतात. ड्रिफ्ट धरून ठेवायला इंजिनची ताकद मागच्या चाकांना मिळायला हवी. तशी ती आपल्याकडे ईको, बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा अशा गाड्यांत मिळते, आणि त्यातली एकही यासाठी बनलेली नाही.

म्हणून मला सिम्युलेटर ही खरी शाळा वाटते. इथे टायर झिजून खिसा रिकामा होत नाही. गाडी गर्रकन फिरली की एक बटण दाबायचं आणि पुन्हा उभं राहायचं. शिवाय जपानमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालतात, स्टिअरिंग उजवीकडे असतं. गिअर आणि हँडब्रेक डाव्या हाताला लावले की पुण्या-मुंबईत गाडी शिकलेल्या माणसाच्या हातांना काही नवं वाटत नाही.

सुरुवात मोकळ्या मैदानात होते. दुसरा गिअर. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे. क्लच दाबून रेस वाढवायची आणि क्लच झटक्यात सोडायचा. मागची चाकं सुटतात, गाडी स्वतःभोवती फिरू लागते. आता ही गिरकी थांबवायची नाही, वर्तुळात ताणायची. आणि हे काम हातांचं नाही, उजव्या पायाचं आहे.

[दृश्य: ॲक्सिलरेटरवरचा पाय, अगदी जवळून]

हा पाय बघा. एकदाही पूर्ण दाबलेला नाही, एकदाही पूर्ण उचललेला नाही. जेमतेम नखभर पुढे, नखभर मागे. रेस वाढली की मागची बाजू आणखी बाहेर जाते, कोन वाढतो. फार वाढली तर मागची चाकं पुढच्यांना गाठतात आणि गाडी फिरते. कमी झाली की गाडी सरळ व्हायला लागते. आणि पाय एकदम उचलला, तर सगळ्यात वाईट. ड्रायव्हिंग शिकताना अंगात भिनलेली सवय हीच असते, घसरलं की पाय काढ. इथे पाय काढला की मागच्या टायरना क्षणात पकड मिळते. पुढची चाकं तर, सुरुवातीच्या दृश्यातल्यासारखी, अजून डावीकडे वळलेली आहेत. गाडी त्यांचं ऐकते आणि फाडकन डावीकडे, वळणाच्या बाहेर उडी मारते. खऱ्या रस्त्यावर बाहेर दरी किंवा कठडा असतो. ही सवय मोडायला सिम्युलेटरमधलं रिकामं मैदान आणि भरपूर संध्याकाळी लागतात, त्याला दुसरा उपाय नाही.

पाय तयार झाला की मग हात. आणि इथे सगळ्यांचं अडतं.

मागची बाजू सुटली की उलटं स्टिअरिंग मारायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून नवखा माणूस स्टिअरिंग घट्ट धरून जोर लावून फिरवतो आणि हमखास उशीर करतो. खरं म्हणजे ते फिरवायचंच नसतं. गाडीच्या पुढच्या चाकांची बसवणूक अशी असते की गाडी ज्या दिशेने जातेय त्या दिशेला ती आपोआप वळू बघतात. गाडी बाहेरच्या बाजूला सरकतेय, तर चाकंही तिकडेच वळणार आणि स्टिअरिंगला सोबत घेऊन जाणार. सिम्युलेटरच्या स्टिअरिंगमधली मोटर हाच ओढा तुमच्या हातात आणून देते.

पतंग उडवलेल्या माणसाला हे लगेच कळेल. वारा ओढत असताना मांजा आवळून धरला तर तो तुटतो. ढील द्यायची, बोटांतून सरकू द्यायचा आणि हवा तिथे चिमटीत धरायचा. स्टिअरिंगचंही तसंच. तळहात मोकळे, ते फिरत असताना बोटांना फक्त त्याचा स्पर्श. हव्या त्या कोनाला पकड. पकडीची वेळ कशी ओळखायची? ओढा कमी होतो. चाकं गाडीच्या दिशेशी जुळली की स्टिअरिंग क्षणभर हलकं लागतं. तोच तो क्षण.

[दृश्य: स्टिअरिंग आपोआप फिरतंय, हात मोकळे]

साध्या स्टिअरिंगवर यात एक अडचण येते. लॉजिटेकचं जी२९ घ्या, घरोघरी दिसणारं. ते ९०० अंश फिरतं, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच फेरे. आतली मोटर गिअरमधून चालते, त्यामुळे खऱ्या गाडीइतक्या वेगानं ते स्वतःहून फिरत नाही. उपाय दोन. सेटिंगमधलं डॅम्पिंग, म्हणजे स्टिअरिंगच्या फिरण्याला होणारा कृत्रिम विरोध, शून्यावर आणायचं, आणि ढील देताना हातानं हलकासा धक्का द्यायचा. डायरेक्ट ड्राइव्ह स्टिअरिंगमध्ये चाक थेट मोटरच्या दांड्यावर बसतं, त्यात हा त्रास जवळजवळ राहत नाही, पण किंमत कित्येक पट. माझं स्पष्ट मत, जी२९ वर शिकता येतं. टेबल मात्र घट्ट हवं.

एक गोष्ट कुठल्याच स्टिअरिंगमधून मिळत नाही. खऱ्या गाडीत मागची चाकं सुटताना सगळ्यात आधी कळतं ते बसलेल्या माणसाच्या कमरेला. सिम्युलेटरची खुर्ची जागची हलत नाही. मग ते काम कानांना करावं लागतं. टायरचा आवाज ऐका. पकड संपत आली की तो किंचाळतो, पूर्ण सुटला की एकसुरी खरखर लागते. इंजिनचा आवाज झपकन वर गेला तर चाकं नुसतीच फिरतायत. टायरचा आवाज ऐकू यावा म्हणून गाणी बंद ठेवा.

आणि डोळे. आडव्या गाडीत जायचं असतं तिथे समोरच्या काचेतून बघून भागत नाही, बाजूच्या खिडकीतून बघावं लागतं. एकच स्क्रीन असेल तर कोन वाढला की रस्ताच स्क्रीनच्या बाहेर जातो, आणि जे दिसत नाही तिथे गाडी जात नाही. म्हणून कोणी तीन स्क्रीन लावतात, कोणी व्हीआरचा हेडसेट घालतात. दोन्ही नसेल तर कॅमेरा मागे घेऊन दृश्य रुंद करा, चालतं.

[दृश्य: वरून दिसणारा आठचा आकडा]

दोन्ही बाजूंची वर्तुळं जमली की ती जोडायची. आठचा आकडा. मधल्या बिंदूवर गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर पडते. पाय क्षणभर हलका, भार पलीकडे जातो, स्टिअरिंग सणसणत दुसऱ्या टोकाला पळतं, आणि ते तिथे पोचायच्या आत रेस परत. हे जमलं की ट्रॅकवर जायचं.

ट्रॅक म्हटला की एबिसूचं नाव येतंच. जपानच्या फुकुशिमा प्रांतात, निहोनमात्सु गावाजवळच्या डोंगरउतारावर छोट्या छोट्या ट्रॅकचा हा समूह आहे, शेजारी सफारी पार्क. त्यातला मिनामी ट्रॅक ड्रिफ्टवाल्यांची पंढरीच. त्याची ख्याती शिरतानाच्या एका उंचवट्यामुळे: गाडी आडवी होऊन त्यावरून उडणं आणि भिंतीच्या अगदी जवळ उतरणं. सिम्युलेटरसाठी हौशी लोकांनी बनवलेल्या आवृत्त्यांमुळे तो उंचवटा घरबसल्या घेता येतो. आधी हँडब्रेकनं मागची चाकं बांधून, मग हात बसला की नुसत्या भाराच्या झोक्यानं.

स्पर्धेत गुण मिळतात ते रेषेला, कोनाला, वेगाला. घड्याळ बघितलं जात नाही. आणि खरी मजा जोडीच्या फेरीत. पुढची गाडी वाट काढते, मागचीनं तिच्या दाराला खेटून तसंच आडवं जायचं. ऑनलाइन सर्व्हरवर हे रोज चालतं. इंटरनेट अडखळलं तर पुढची गाडी उड्या मारताना दिसते, म्हणून वायफाय सोडून वायर लावा आणि जवळचा सर्व्हर शोधा.

[दृश्य: मागच्या गाडीतून दिसणारी पुढची गाडी]

पाठलाग करताना नवखे लोक पुढच्या गाडीच्या धुराकडे बघतात. तिच्या पुढच्या चाकांकडे बघायचं. कुशी बदलायची वेळ आली की गाडी हलायच्या आधी ती चाकं सरळ व्हायला लागतात. ती हलली की तुमचा पाय हलका.