सबमर्सिबलचा जॉइंट: पाणी नेमकं शिरतं कुठून

नमस्कार मंडळी. समोर वायरमन पण आहेत आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी, खजिनदार पण, तर दोघांनाही समजेल असं बोलतो. घोडबंदर रोडला टँकरच्या बिलाला वैतागून कित्येक सोसायट्यांनी बोअर मारल्या, फ्लशला आणि बागेला तेच पाणी. बोअरच्या पाण्यात बुडवायची सबमर्सिबल मोटर भारी, पॅनल चकाचक, आणि मोटरची वायर जिथे वरच्या केबलला जोडली तिथे साधी काळी टेप, तीसुद्धा तिन्ही कोअर, म्हणजे केबलच्या आतल्या वेगवेगळ्या वायरी, एकत्र धरून मुठीएवढा गोळा होईपर्यंत गुंडाळलेली. वायरमनला वाटतं एवढी जाड केलीय, आता काय पाणी शिरतंय.

जाडीने काही होत नाही हो. पाण्याखाली दर १० मीटरला साधारण १ बार प्रेशर वाढतं. पाणी २० मीटरवर आणि मोटर ८० मीटरवर, म्हणजे जॉइंटवर ६ बार, कारच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास तिप्पट. हे पाणी टेपच्या कडेने, थरांच्या मधून सरकत तांब्यापर्यंत जातं, कारण काळ्या टेपचा गम चिकटायला ठीक आहे, पाणी अडवायला नाही. बाहेरच्या जाड आवरणात पाणी जाणार हे धरूनच चाला. अडवायचं ते प्रत्येक कोअरवर, तिच्या स्वतःच्या इन्सुलेशनवर, वेगवेगळं. बाहेरचं फक्त घासण्यापासून वाचवायला.

आता प्रत्यक्ष काम. तिन्ही जॉइंट एका लाइनीत घेऊ नका, दोन-दोन इंच पुढेमागे घ्या, म्हणजे एका बाजूला जी कोअर लांब ती दुसऱ्या बाजूला आखूड कापायची, इथे घाईत हमखास गोंधळ होतो. लाल लालला, पिवळी पिवळीला, निळी निळीला. थ्री फेजमध्ये दोन अदलाबदल झाल्या तर मोटर उलटी फिरते, पाणी येतं पण बारीक, आणि मग सगळे बोअरला शिव्या घालतात. हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आकसून बसणारी नळी, वापरणार असाल तर आतून गम असलेलीच घ्या आणि क्रिम्प करायच्या, म्हणजे दोन तारा धातूच्या नळीत दाबून जोडायच्या, *आधी* वायरमध्ये ओवून ठेवा, नंतर घालायला जागाच नसते. क्रिम्प केल्यावर जोरात ओढून बघा. एखादी बारीक तार बाहेर डोकावत असेल तर ती कापा, नाहीतर तीच स्लीव्ह फोडते. इन्सुलेशन पॉलिश पेपरने हलकं घासा, पुसा, पावसाळ्यात हाताचा घाम पण पुसा, नाहीतर तोच आत बंद होतो. हीट गन मध्यापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे न्या, लायटरने नको, एका बाजूचं पीव्हीसी करपतं आणि दुसरी बाजू कच्ची राहते. दोन्ही टोकांना गमाची बारीक कड बाहेर आली की झालं. गार होईपर्यंत हलवू नका.

स्लीव्ह नसेल तर रबरची सेल्फ टेप, स्वतःवरच चिकटून एकजीव होते ती. ताणून, अर्ध्यावर अर्धी, इन्सुलेशनवर दोन्हीकडे दोन-तीन इंच जाऊ द्या. न ताणता गुंडाळली तर ती एकजीव होत नाही. वरून मग तुमची काळी टेप, खुशाल.

आणि सेक्रेटरी साहेब, हे तुमच्यासाठी. मोटर उतरवायच्या आधी समोर टेस्ट मागा. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, त्यात मूठभर मीठ, जॉइंट बुडवायचा, मोटर बाहेर कोरड्या लाकडावर, केबलचं वरचं टोक मोकळं. थोडा वेळ राहू द्या, मग ५०० व्होल्टच्या मेगरची, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरची, एक वायर कोअरला, दुसरी बादलीतल्या पाण्यात. तिन्ही कोअर वाइंडिंगमधून एकमेकींना जोडलेल्याच असतात, त्यामुळे एकीवर लावलं तरी तिन्हींचं कळतं. चांगला जॉइंट शंभर मेगोहमच्या खूप वर दाखवतो. दोन-चार दाखवला तर तिथेच कापून परत करा, कारण एकदा चेनपुलीने खाली गेली की वर काढायची मजुरी जॉइंटच्या सामानापेक्षा कितीतरी जास्त. रीडिंग तारखेसकट पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.

मागून एका काकांनी विचारलं, मोटर जुलैतच ट्रिप का होते. केबल कमी पडली म्हणून कुणी मध्येच अजून एक जॉइंट मारलेला असतो, मे महिन्यात पाणी खाली असतं तेव्हा तो हवेत लटकतो, पाऊस पडला की लेव्हल वर येते आणि तो बुडतो. म्हणून शक्यतो केबल अख्खी एका तुकड्यात घ्या. आणि ट्रिप होतंय म्हणून ईएलसीबी, म्हणजे करंट लीक झाला की सप्लाय तोडणारा ब्रेकर, बायपास करायला सांगत असेल कुणी, तर त्याला पॅनलला हात लावू देऊ नका. बागेतला नळ ओल्या हाताने माळीच उघडतो.