क्रोमोली कुठे मिळेल?

आत येताना एका मुलाने मला दारातच गाठलं. "सर, मोटरसायकलची फ्रेम घरी बनवायचीय, पुण्यात क्रोमोलीची नळी कुठे मिळेल?" मी म्हटलं, वेल्डर कोण धरलायस ते आधी सांग. गडी गप्प. तेव्हा आजचं बोलणं तिथूनच सुरू करतो.

४१३० प्रतीची क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद, उत्तमच. साधी माइल्ड स्टीलची नळी ज्या ताणाला कायमची वाकते, त्याच्या दीडपटीहून जास्त ताण ती झेलते. पण फ्रेम आधी लचकते, मग वाकते. आणि लचकण्याच्या बाबतीत सगळी पोलादं सारखीच. महागड्या नळीचा स्थितिस्थापकता मापांक (लचकायला ती किती विरोध करते त्याचं माप) २०० गिगापास्कलच्या आसपास, भंगारातल्या नळीचाही तेवढाच. म्हणजे क्रोमोलीचे पैसे मोजून पातळ, बारीक नळी घेतलीत, तर फ्रेम तुटणार नाही, पण वळणावर डुलेल.

ताठपणा येतो बाहेरच्या व्यासातून. हे जरा वहीत मांडून बघा. २५.४ मिमी व्यास, ३ मिमी जाडी: मीटरला साधारण १.६६ किलो. ३१.८ मिमी व्यास, २ मिमी जाडी: १.४७ किलो. दुसरी नळी हलकी, आणि वाकायला पहिलीपेक्षा दीडपट ताठ! मग व्यास वाढवत, जाडी उतरवत का जायचं नाही? तर पातळ नळी बेंडरमध्ये, म्हणजे नळी वाकवायच्या यंत्रात, आतल्या अंगाला चुरगळते, दगड लागला की पोचा पडतो, आणि वेल्डिंगला भोक. घरच्या कामाला १४ गेज, म्हणजे साधारण २ मिमी, याच्या खाली मी तरी जात नाही.

दुकानात "एक इंची पाइप" मागू नका. पाण्याच्या पाइपचं माप नाममात्र असतं. त्या एक इंचीचा बाहेरचा व्यास ३३.७ मिमी भरतो. व्हर्निअर खिशात ठेवा. जस्त चढवलेला तर नकोच, वेल्डिंगच्या धुराने रात्री ताप भरतो. ई.आर.डब्ल्यू. नळी, म्हणजे पत्रा गोल वळवून विजेने शिवण जोडलेली, चालते, लोक उगाच नाकं मुरडतात. फक्त वाकवताना शिवण बाजूला ठेवा, ना बाहेरच्या अंगाला, ना आतल्या. हेडस्टॉकपाशी, म्हणजे पुढचा फोर्क जिथे फ्रेममध्ये फिरतो तिथे, मात्र मी सीमलेस, बिनशिवणीचीच घेतो.

आता वेल्डर. आमच्या भोसरीत जोड झाला की त्यावर पाणी ओतायची सवय आहे. हात भाजू नये, काम पुढे सरकावं, एवढाच हेतू. माइल्ड स्टील ते बहुतेक वेळा निमूट सोसतं. क्रोमोली नाही सोसत. जोडालगतचा भाग काचेसारखा कडक होतो आणि चीर तिथूनच जाते, वेल्डच्या मण्याच्या (उंचवट्याच्या रेघेच्या) कडेने. क्रोमोलीला वाऱ्यापासूनही आडोसा द्यावा लागतो, सावकाश निवू द्यावं लागतं. शिवाय नळीच्या टोकाचा मासळीच्या तोंडासारखा काप दुसऱ्या नळीवर नीट बसला नाही, तर फट भरण्यात उष्णता वाढते नि फ्रेम ओढली जाते. आणि नळी कुठलीही असो, आखणी महत्त्वाची: १९५० च्या नॉर्टन फेदरबेड या ब्रिटिश मोटरसायकल फ्रेमचं नाव झालं, ते मुख्यतः नळ्या कुठून कुठे गेल्यात त्यामुळे.

आरटीओचं एका वाक्यात: नोंदणी नसलेली गाडी खासगी आवाराबाहेर काढू नका.

पुढच्या वेळी येताना दोन तुकड्यांचा टी-जोड मारून, करवतीने उभा कापून आणा. आत वितळ कुठवर पोचलीय ते सगळे मिळून बघू. क्रोमोलीचा पत्ता त्यानंतर देतो.